धुतलेले हात पुसायचे कशाने?

दरवर्षी 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिवस पाळतात. त्या निमित्ताने शाळांच्या भिंतींवर पायऱ्यांची चित्रे रंगवली जातात. तळवे चोळा, बोटांच्या बेचक्यांत साबण न्या, अंगठा फिरवून घ्या, नखे घासा, वाहत्या पाण्याखाली हात धरा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक भिंतींवर चित्रे इथेच संपतात. नळ बंद झाला की मुले ओले हात चड्डीला नाहीतर फ्रॉकला पुसतात आणि पोषण आहाराच्या पंगतीला जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रकात मात्र याच्या पुढे आणखी दोन पायऱ्या आहेत. एकदाच वापरायच्या टॉवेलने हात पूर्ण कोरडे करा आणि नळ बंद करायलाही तोच टॉवेल वापरा. धुण्यापासून कोरडे होण्यापर्यंतच्या सगळ्या कामाला संघटना 40 ते 60 सेकंद देते.

आपल्याकडे गळून जाणाऱ्या या शेवटच्या पायरीवर युरोप-अमेरिकेत गेली तीस वर्षे संशोधन चालू आहे आणि त्या संशोधनामागे बाजारातले मोठे भांडणही आहे. कागद बरा की यंत्र, गरम हवा बरी की वेगवान हवा, कापडाला जागा द्यायची की नाही, या प्रश्नांची उत्तरे तिथल्या शौचालयांसाठी शोधली गेली. ती आपल्या एसटी स्थानकाला, खानावळीला, शाळेला आणि सरकारी दवाखान्याला किती लागू पडतात, हे तपासणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

मुळात हात ओले राहिले तर काय बिघडते? याचे सर्वात स्पष्ट उत्तर 1997 मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी दिले. धुतलेल्या हातावरही काही जिवाणू उरतातच. ते दुसऱ्या वस्तूवर जाणार की नाही, हे हातावरच्या पाण्यावर ठरते. पाण्याचा पातळ थर हात आणि वस्तू यांच्यामध्ये पूल बांधतो आणि जिवाणू त्यावरून पलीकडे जातात. ऑकलंडच्या प्रयोगात न पुसलेल्या हाताच्या स्पर्शातून दुसऱ्याच्या त्वचेवर 68,000, अन्नावर 31,000 आणि रोजच्या वापराच्या वस्तूंवर 1,900 जिवाणू गेले. मग हात 10 सेकंद कापडाने आणि वर 20 सेकंद हवेने सुकवले. तेव्हा हे संक्रमण त्वचेच्या बाबतीत 99.8 टक्क्यांनी, अन्नाच्या बाबतीत 94 टक्क्यांनी आणि वस्तूंच्या बाबतीत 99 टक्क्यांनी घटले. हात तेच आणि धुणेही तेच होते, फरक फक्त ओलाव्याचा होता. घाईने धुऊन ओल्याच हाताने दाराची कडी उघडणारा माणूस धुण्याचा बराचसा फायदा त्या कडीवर सोडून जातो. पुढचे सगळे वाद या एका निष्कर्षाच्या पोटात येतात, म्हणून तो आधी सांगितला.

आता साधनांकडे वळू. सर्वात जुने साधन म्हणजे सगळ्यांसाठी टांगलेला एकच टॉवेल. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रेल्वे स्थानके, शाळा आणि खानावळींत तो सर्रास असे. कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांनी 1909 मध्ये सार्वजनिक पेल्यावर बंदी आणली आणि पुढे सार्वजनिक टॉवेलवरही. त्या काळात खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा हा डोळ्यांचा आजार, मोठी चिंता होती आणि तो सामाईक टॉवेलातून पसरतो हे डॉक्टरांना दिसत होते. आपल्यालाही तो आजार परका नाही. भारत ट्रॅकोमामुक्त झाल्याचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो संपल्याचे, जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते 2024 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, 2023 च्या पावसाळ्यात, महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली. तेव्हा दुसऱ्याचा टॉवेल आणि रुमाल वापरू नका, हीच सूचना गावोगावी दिली गेली.

तरीही आपल्या असंख्य खानावळींत बेसिनशेजारी खिळ्याला तो नॅपकिन लटकलेला असतोच. सकाळी पांढरा, दुपारी पिवळसर, संध्याकाळी ओलाकिच्च. अनेक खाजगी दवाखान्यांतही डॉक्टरांच्या टेबलामागच्या बेसिनवर तसाच एक टॉवेल असतो आणि दिवसभर रुग्ण तपासणारे हात त्यालाच पुसले जातात. आढावा घेताना प्रत्येक साधनाला न्याय द्यावा असे मला वाटते, पण या साधनाच्या बाजूने बोलण्यासारखे मला काही सापडत नाही. ओले कापड, त्यावर अन्नाचा अंश आणि शंभर माणसांचे हात एकत्र आल्यावर जिवाणूंना आणखी काही लागत नाही. ज्या मालकाला दुसरे काहीच परवडत नाही त्याने तो टॉवेल काढून टाकावा आणि खिळा रिकामा ठेवावा. गिऱ्हाइकाने हात झटकून वाऱ्यावर सुकवलेले त्यापेक्षा बरे.

सामाईक कापडाचा एक सुधारलेला अवतार युरोपात आहे, तो मात्र वेगळा मोजायला हवा. पेटीत कापडाची लांब गुंडाळी असते. ओढले की स्वच्छ भाग बाहेर येतो आणि वापरलेला भाग मागच्या बाजूला वेगळा गुंडाळला जातो. गुंडाळी संपली की कंपनीचा माणूस ती धुलाईला नेतो आणि दुसरी बसवतो. जर्मनीत ही सोय अजून टिकून आहे. हात पुसायला उत्तम आणि कचरा जवळपास नाही. अडचण येते ती गुंडाळी संपते तेव्हा. शेवटचा तुकडा लोंबत राहतो आणि बदलायला कोणी आले नाही की तो खिळ्यावरचा नॅपकिनच होतो. धुलाईची साखळी चोख असेल तिथेच हे चालते.

कागदाचा टॉवेल 1907 चा. फिलाडेल्फियाच्या स्कॉट पेपर कंपनीकडे शौचालयाच्या कागदासाठी नको तितक्या जाड कागदाचा माल येऊन पडला आणि आर्थर स्कॉट यांनी त्याला फाडरेषा पाडून हात पुसायचा कागद म्हणून विकायला काढला, अशी गोष्ट सांगतात. सर्दी झालेल्या मुलांनी सामाईक टॉवेल वापरू नये म्हणून एक शिक्षिका कागदाचे तुकडे वाटत असे, तिच्यावरून ही कल्पना सुचली असेही त्या गोष्टीत येते. सार्वजनिक टॉवेलवरची बंदी आणि हा कागद एकाच काळातले आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कायद्याने जागा रिकामी केली आणि कागदाने ती भरली.

हवेचे यंत्र 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आले, पण सार्वजनिक शौचालयांत त्याचा खरा प्रसार 1948 मध्ये जॉर्ज क्लेमेन्स यांनी यंत्र बनवायला सुरुवात केल्यानंतर झाला. बटण दाबा, गरम हवा येते, हात चोळत उभे राहा. पुढची चार-पाच दशके हेच चालले. त्याचा मोठा दोष वेळ हा होता. हात नीट सुकायला सुमारे 45 सेकंद लागतात आणि शौचालयात तेवढा वेळ यंत्रापुढे कोणी उभे राहत नाही. लोक अर्धे ओले हात घेऊन निघतात आणि उरलेले पॅंटला पुसतात.

1993 मध्ये जपानच्या मित्सुबिशीने वेगवान हवेचे यंत्र आणले. 2001 मध्ये अमेरिकेत एक्सेल कंपनीचे एक्सलरेटर आले आणि 2006 मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स डायसन यांचे एअरब्लेड. ताशी सुमारे 640 किलोमीटर वेगाची, न तापवलेली हवा अरुंद फटीतून सोडायची आणि हातावरचे पाणी खरवडून काढायचे, ही एअरब्लेडमागची कल्पना. पाण्याची वाफ होईपर्यंत थांबायचे नाही, ते ढकलून काढायचे. दहा-बारा सेकंदांत काम होते. आपल्या विमानतळांवर आणि मॉलमध्ये आज दिसतात ती बहुतेक याच जातीची, म्हणजे जेट यंत्रे.

इथून भांडण पेटले. तोवर हवेचा ड्रायर म्हणजे कागदाचा हळू, कंटाळवाणा पर्याय होता. आता तो जलद झाला आणि कागदविक्रेत्यांच्या धंद्याला धक्का बसू लागला. पत्रकार समंत सुब्रमण्यन यांनी 2019 मध्ये गार्डियनमध्ये या लढाईवर विस्ताराने लिहिले आहे. पुढचे अभ्यास वाचताना प्रत्येक वेळी दोन प्रश्न हाताशी ठेवावे लागतात. पैसे कोणी दिले, आणि नेमके काय मोजले?

2008 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात कीथ रेडवे आणि सहकाऱ्यांनी तुलना केली. कागदाने पुसल्यावर बोटांच्या पेरांवरचे जिवाणू सुमारे 76 टक्क्यांनी कमी झाले, गरम हवेच्या यंत्राने ते उलट वाढले आणि जेट यंत्रानेही थोडे वाढले. या अभ्यासाला पैसा युरोपियन टिश्यू सिम्पोजियमचा होता. ही कागद बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना आहे. 2011 मध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठाचा अभ्यास आला. त्यात एअरब्लेड जुन्या गरम हवेच्या यंत्रांपेक्षा सरस ठरले, आणि पैसा डायसनचा होता. 2014 मध्ये लीड्सच्या मार्क विलकॉक्स यांच्या गटाने हातांना निरुपद्रवी जिवाणू लावून आसपासच्या हवेचे नमुने घेतले. जेट यंत्राजवळच्या हवेत गरम हवेच्या यंत्राजवळच्यापेक्षा साडेचार पट आणि कागदाच्या पेटीजवळच्यापेक्षा 27 पट जिवाणू सापडले. पैसा पुन्हा कागदाचा. 2016 मध्ये वेस्टमिन्स्टरच्याच एका प्रयोगात विषाणू वापरला गेला आणि जेट यंत्राने कागदाच्या 1,300 पट विषाणू उडवल्याचा आकडा जगभरच्या मथळ्यांत झळकला.

त्या 1,300 च्या आकड्याकडे जरा थांबून पाहायला हवे. प्रयोगात हातमोजे घातलेले हात विषाणूंच्या दाट द्रावणात बुडवले होते आणि न धुता यंत्रात धरले होते. डायसनने याच मुद्द्यावर हरकत घेतली, आणि मला ती हरकत रास्त वाटते. साबणाने हात धुतलेला माणूस विषाणूंनी माखलेला नसतो. पण हरकत अर्धीच खरी आहे. सार्वजनिक शौचालयात नळाखाली बोटांची टोके कशीबशी ओली करून यंत्राकडे वळणारे लोकही असतात आणि त्यांचे हात त्या हातमोज्यांच्या बरेच जवळ जातात. धुणे जितके वाईट, तितके यंत्र धोकादायक. कागदाने पुसताना न धुतलेली घाण निदान कागदावर जाते आणि डब्यात पडते.

कागदाच्या बाजूलाही डाग आहे. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाने 2012 मध्ये न वापरलेले कागदी टॉवेल तपासले, तेव्हा त्यांवरही जिवाणू सापडले. पुनर्वापराच्या कागदावर ते ताज्या लगद्याच्या कागदापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते. आजारी करतील असे ते बहुधा नव्हते, पण कागद निर्जंतुक असतो हा समज या अभ्यासाने मोडला.

मग कोणाचेही मीठ न खाल्लेले अभ्यास काय सांगतात? मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2000 मध्ये सुमारे शंभर माणसांवर कापड, कागद, गरम हवा आणि आपोआप सुकू देणे या चार पद्धती ताडून पाहिल्या. हातावर उरलेल्या जिवाणूंच्या बाबतीत चारांमध्ये नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. 2012 मध्ये मेयो क्लिनिकच्याच नियतकालिकात तोवरच्या बारा अभ्यासांचा आढावा आला. त्याने स्वच्छतेच्या दृष्टीने, विशेषतः रुग्णालयांसाठी, कागदाला झुकते माप दिले.

माझ्या मते सर्वात शिकवून जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या वैद्यक शाळेचा आहे. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी शौचालयाच्या हवेत जिवाणू वाढवायची बशी दोन मिनिटे उघडी ठेवली, तेव्हा तिच्यावर जेमतेम एक वसाहत उगवली. तीच बशी ड्रायरच्या हवेखाली 30 सेकंद धरल्यावर सरासरी 18 ते 60 वसाहती उगवल्या. यंत्राच्या आतला भाग मात्र फारसा मळलेला नव्हता. म्हणजे यंत्र जिवाणू तयार करत नव्हते, शौचालयातली हवा ओढून हातांवर फेकत होते. बारीक गाळणी बसवल्यावर हा आकडा सुमारे चौथाईवर आला, पण शून्यावर आला नाही. त्याच इमारतीतल्या एका प्रयोगशाळेत वापरला जाणारा, ओळखू येणारा एक जिवाणू वेगवेगळ्या शौचालयांतल्या बशांवर सापडला. एका खोलीतले जंतू इमारतभर फिरतात, याचा हा चांगला पुरावा होता. संस्थेने पुढे त्या भागातल्या सगळ्या 36 शौचालयांत कागदाच्या पेट्या बसवल्या.

हा अभ्यास वाचून घाबरायचे कारण नाही. त्यातले बहुतेक जिवाणू निरोगी माणसाला काही करत नाहीत. ड्रायरमुळे कोणी आजारी पडल्याचे त्यात दाखवलेले नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र तेवढेच स्वच्छ असते जेवढी त्याच्या खोलीतली हवा. जिथे संडासाला झाकण नाही, फरशी ओली आहे आणि खिडकी बंद आहे, तिथे कितीही महागडे यंत्र लावले तरी ते त्याच हवेचे वाटप करणार.

रुग्णालयातली परिस्थिती आणखी एका मोठ्या अभ्यासाने तपासली. लीड्स, पॅरिस आणि इटलीतले उदिने अशा तीन शहरांतल्या रुग्णालयांत प्रत्येकी दोन शौचालये घेतली. एकात फक्त कागद, दुसऱ्यात फक्त जेट यंत्र, आणि मध्येच अदलाबदल. बारा आठवडे नमुने घेतले. जेट यंत्राच्या खोल्यांत जमीन आणि पृष्ठभागांवर जिवाणू बरेच जास्त होते आणि औषधांना न जुमानणारे काही जिवाणूही तिथे अधिक वेळा सापडले. यामागेही कागद संघटनेचा पैसा होता हे सांगितलेच पाहिजे. तरी ही पाहणी खऱ्या रुग्णालयात, खऱ्या लोकांच्या हातांवर झाली आहे. म्हणून तिला मी 1,300 च्या आकड्यापेक्षा खूप जास्त वजन देतो. ब्रिटनच्या आरोग्य सेवेच्या इमारतींविषयीच्या मार्गदर्शिकेत रुग्णांवर उपचार होतात तिथे हवेचे ड्रायर लावू नयेत असेच म्हटले आहे, आणि त्यात आवाजाचेही कारण दिले आहे.

आवाजाचा मुद्दा थोडक्यात. कॅनडातल्या कॅलगरीच्या एका शाळकरी मुलीने ड्रायरने कान दुखतात अशी मुलांची तक्रार ऐकून शहरातल्या 44 यंत्रांचा आवाज वेगवेगळ्या उंचींवर मोजला. काही यंत्रे 100 डेसिबलच्या वर गेली. तिथे एवढा आवाज करणारे खेळणे विकायला परवानगी नाही. तिचा निबंध 2019 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला. मुलांचे कान यंत्राच्या तोंडाच्या उंचीला येतात.

कोविडच्या काळात जपानमध्ये जे घडले ते आपल्याला जास्त जवळचे आहे. मे 2020 मध्ये तिथल्या उद्योगांच्या महासंघाने हवेचे ड्रायर बंद ठेवा अशी सूचना काढली आणि देशभरची यंत्रे बंद पडली. 2021 मध्ये हवेतल्या थेंबांच्या अभ्यासावरून धोका फार कमी आहे असे दिसल्यावर सूचना मागे घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटना त्या काळात एवढेच म्हणत होती की ड्रायर विषाणू मारत नाही, पण धुतलेले हात कागदाने किंवा गरम हवेने सुकवायला हरकत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. जपानी लोकांचे यंत्रे बंद असतानाही फारसे अडले नाही. तिथल्या कितीतरी सार्वजनिक शौचालयांत हात पुसायला मुळातच काही नसते आणि लोक स्वतःचा छोटा टॉवेल बरोबर बाळगतात. इमाबारी हे शहर टॉवेलांसाठीच ओळखले जाते आणि हातरुमालाएवढे टॉवेल तिथे भेट म्हणूनही देतात.

आपल्याकडे हीच सवय होती. खिशात रुमाल, खांद्यावर पंचा किंवा उपरणे, कमरेला खोचलेला पदर. सोलापूरच्या यंत्रमागांवर टेरी टॉवेल आणि नॅपकिन विणले जातात आणि तिथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही आहे. तरी वर सांगितलेल्या एकाही प्रयोगात खिशातला रुमाल नाही. रुमालाची कोणती कंपनी संशोधनाला पैसे देणार? म्हणून त्याच्याविषयी जे सांगता येते ते ओलाव्याच्या साध्या नियमांवरून सांगावे लागते. स्वच्छ, कोरडा सुती रुमाल हात पुसायला कागदाइतकाच चांगला. घासले जाते, पाणी शोषले जाते, आणि उरलेले जंतू स्वतःच्याच रुमालात जातात. धोका पुढच्या वेळी असतो. ओला रुमाल घडी करून खिशात ठेवला की तो ओला, उबदार आणि बंद राहतो. त्याच रुमालाने नाक पुसले, घाम टिपला, बसची सीट झटकली, की तोही एका माणसापुरता खिळ्यावरचा नॅपकिन होतो. उपाय अवघड नाही. हातांसाठी वेगळा पातळ रुमाल ठेवायचा, पुसल्यावर लगेच घडी न करता थोडा वेळ पिशवीवर पसरून ठेवायचा आणि रोज धुवायचा. जाड टेरीपेक्षा पंच्याचे विरळ कापड लवकर वाळते, म्हणून या कामाला तेच उत्तम.

हवामानाचा हिशोब युरोपच्या अभ्यासांत नाही आणि आपल्यासाठी तो कळीचा आहे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला पारा 45 अंशांच्या वर जातो आणि हवेत ओलावा जवळपास नसतो. तिथे झटकलेले हात बघता बघता सुकतात. त्याच हातांना जुलैत रत्नागिरीला कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण हवा आधीच पाण्याने भरलेली असते. आपोआप सुकू देण्याची पद्धत मेयोच्या प्रयोगात कागदाच्या बरोबरीने उभी राहिली, पण ती आतल्या, नियंत्रित हवेत. कोकणातल्या पावसाळ्यात तो निकाल तसाच धरून चालता येणार नाही. तिथे पाणी ढकलणारे जेट यंत्र किंवा पाणी शोषणारे कापड-कागद हेच खरे कामाचे.

विजेचा हिशोब घरच्या घरी करता येतो. हातांवर साधारण 2 मिलिलिटर पाणी राहते असे धरू. त्याची वाफ करायला सुमारे 5 किलोज्यूल ऊर्जा लागते. 2 किलोवॅटचे जुने यंत्र 30 सेकंदांत 60 किलोज्यूल खाते, म्हणजे गरजेच्या बारा पट. एका युनिट विजेत 60 माणसांचे हात. 1.6 किलोवॅटचे जेट यंत्र 12 सेकंदांत साधारण 19 किलोज्यूल घेते, म्हणजे एका युनिटमध्ये 187 जणांचे हात. 2011 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी कारखान्यापासून कचऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास मोजून सात पद्धतींची तुलना केली, त्यातही वेगवान यंत्रे पर्यावरणाला सर्वात कमी भार देणारी ठरली. कागद आणि साधा गरम हवेचा ड्रायर दोन्ही मागे पडले. त्या अभ्यासाला पैसा डायसनचा होता, पण विजेचे गणित कोणीही करून पाहावे, ते त्याच बाजूला जाते. जुने गरम हवेचे यंत्र मात्र कोणत्याच हिशोबात बसत नाही. ते हळू आहे, वीज खाते आणि हातही ओले ठेवते. नवीन इमारतीत ते लावू नये.

कागदाचा खर्च झाडांइतकाच सफाई कामगाराच्या अंगावर पडतो. डबा नसेल किंवा भरून वाहत असेल तर कागद बेसिनमध्ये, मुतारीत, संडासात जातो आणि नळी तुंबते. मग ती उपसायला माणूस लागतो. कागद लावायचा तर पायाने उघडणारा मोठा डबा, तो दिवसातून अनेकदा रिकामा करण्याची व्यवस्था आणि त्या माणसाला हातमोजे, एवढे ठरवूनच लावावा. कागद वाचवण्याची एक सोपी युक्ती अमेरिकेतल्या जो स्मिथ यांनी 2012 मध्ये एका लोकप्रिय भाषणात दाखवली. बेसिनवर हात बारा वेळा जोराने झटकायचे आणि मग एकच कागद घडी घालून वापरायचा. घडीच्या थरांमध्ये पाणी धरून राहते, म्हणून एकाच कागदात हात कोरडे होतात. हीच झटकणी ड्रायरच्या आधी केली तरी वेळ आणि वीज वाचते. ब्रॅडफर्डच्या अभ्यासातून आणखी एक उपयोगी गोष्ट कळते. ड्रायरखाली हात चोळू नयेत, स्थिर धरावेत. चोळल्याने त्वचेच्या खालच्या थरातले जिवाणू वर येतात. आपल्याकडे जवळपास प्रत्येक जण ड्रायरखाली हात चोळतोच, कारण हवा मंद असते आणि दुसरे काही सुचत नाही.

हे सगळे समोर ठेवून ठिकाणानुसार उत्तर वेगळे येते, आणि वेगळे यायलाच हवे. दवाखाना आणि रुग्णालयात एकदाच वापरायचा कागद किंवा दर वेळी धुतलेला कापडी चौकोन. डॉक्टरांच्या बेसिनवरचा टांगलेला टॉवेल आजच काढून टाकावा, त्याला खर्च काही नाही. विमानतळ, मॉल, मल्टिप्लेक्स अशा ठिकाणी हवा खेळती असेल, यंत्राला चांगली गाळणी असेल आणि ती वेळेवर बदलली जात असेल तर जेट यंत्र रास्त आहे. सोबत कागदाची एक पेटीही असावी, लहान मुलांसाठी आणि ज्यांना आवाज सहन होत नाही त्यांच्यासाठी. खानावळीत कागदी नॅपकिन आणि झाकणाचा डबा. तेवढेही शक्य नसेल तर काहीच नको.

एसटी स्थानकाचे शौचालय, जिल्हा परिषदेची शाळा आणि अंगणवाडी इथे यंत्र आणि कागद दोन्ही टिकणार नाहीत. वीज जाते, पेटी रिकामी राहते, डबा उचलायला कोणी नसते. तिथे रुमालच शिकवायला हवा. गणवेशाबरोबर मुलांना दोन पातळ सुती रुमाल द्यावेत, एकीकडे एक वाळत असताना दुसरा वापरात. आजही कितीतरी शिक्षक सकाळी मुलांची नखे तपासतात. त्यांनी त्याच वेळी रुमाल धुतलेला आहे का तेही पाहावे. हात धुण्याच्या ओट्याजवळ एक तार बांधावी आणि तिच्यावर मुलांचे नाव घातलेले रुमाल वाळत घालता यावेत. आणि भिंतीवरच्या चित्रांत नळ बंद झाल्यानंतरची एक चौकट वाढवावी, तिच्यात स्वतःच्या रुमालाने हात पुसणारे मूल असावे.